मालिकावाल्यांनो, आमच्या बंद घरात भूत नाही

प्रति,
मराठी वाहिन्यांचे कार्यक्रमप्रमुख, मालिका-चित्रपटांचे निर्माते आणि पटकथा-संवाद लिहिणारे सर्व लेखक

सप्रेम नमस्कार.

वेंगुर्ले तालुक्यातल्या एका गावात आमचं कौलारू घर आहे. त्यातल्या काही खोल्या आम्ही पर्यटकांना निवास-न्याहारीसाठी देतो. पाहुणे येतात, हातपाय धुऊन पडवीत टेकतात आणि कोकम सरबताचा पेला हातात पडला की दोन प्रश्न ठरलेले. समुद्र किती लांब? आणि इकडे रात्री काही दिसतं का? समुद्र पायी पंधरा मिनिटांवर आहे. दुसरा प्रश्न त्यांच्या डोक्यात तुम्ही घातलेला आहे, म्हणून हे पत्र तुम्हाला.

विचारणारी माणसं वाईट नसतात. पुण्याहून, नाशिकहून, पार विदर्भातून आलेली असतात. कोकणात पहिल्यांदाच पाऊल ठेवत असतात, पण कोकण त्यांनी आधीच पाहिलेलं असतं. रात्रीची जेवणं झाल्यावर, घरात बसून, टीव्हीवर. लाल मातीची आडवाट, विहीर, पिंपळ, कुलूप लागलेला वाडा आणि कंदील घेऊन चाललेली कुणीतरी बाई. त्यामुळे संध्याकाळ झाली की आमच्या विहिरीकडे बघून पाहुण्यांचं मूल आईच्या मागे सरकतं. त्याच विहिरीचं पाणी ते दिवसभर प्यायलेलं असतं.

आधी तुमच्या पदरात जे श्रेय आहे ते घालते. 2016 च्या फेब्रुवारीत ‘रात्रीस खेळ चाले’ ही भुताची मालिका सुरू झाली, रात्री साडेदहाला. सावंतवाडीजवळच्या आकेरीत तिचं चित्रीकरण झालं. आमच्या जिल्ह्यातल्या कितीतरी कलाकारांना तिनं काम दिलं. घरातली माणसं, चांगली आणि वाईट, मालवणीत बोलतायत असं दृश्य अख्ख्या महाराष्ट्रानं रोजच्या रोज पाहिलं. अण्णा नाईक आणि शेवंता घराघरांत गेले. त्यातल्या विसरभोळ्या पांडूचं ‘इसरलंय’ मुंबईच्या लोकलमध्ये ऐकू यायला लागलं. आकेरीतला तो वाडा बघायला गाड्यांची रांग लागली आणि वाटेवरच्या चहावाल्याचा, रिक्षावाल्याचा धंदा झाला. पुढे 2019 आणि 2021 मध्ये आणखी दोन भाग आले. पहिल्या भागाच्या सुरुवातीला सिंधुदुर्गातून विरोध झाला, मालिका बंद करा अशी मागणी झाली. मी त्या मागणीच्या बाजूची नव्हते, आजही नाही. गोष्ट सांगणाऱ्याचं तोंड बंद करणं मला पटत नाही. गोष्ट कुठून सुरू होते आणि कुठे नेली जाते, हे मात्र विचारायचा हक्क प्रेक्षक म्हणून मला आहे.

ती मालिका सुरू झाली अण्णांच्या मृत्यूनं. बाप गेला, भावंडं जमली, वाटणीचा विषय आला. आमच्या कुठल्याही वाडीत हे असंच घडतं. एकेका सातबाऱ्यावर पणजोबांपासूनची तीस-चाळीस नावं असतात. त्यातले अर्धे मुंबईत, काही हयात नाहीत, काहींचा पत्ताच नाही. एक सही मिळाली नाही म्हणून घराचं कौल बदलता येत नाही, आंब्याच्या कलमांची बाग करारानं देता येत नाही. सख्ख्या भावांचं बोलणं तुटतं, ते एकमेकांच्या तेराव्यालाही जात नाहीत. इतकी जिवंत, इतकी खरी गोष्ट तुमच्या हातात होती. ती भुताकडे गेली आणि मग भुताकडेच राहिली. त्यानंतर जो तो कोकणात आला तो कॅमेऱ्यासोबत भूत घेऊनच आला. मोठ्या पडद्यावरही तेच. 2018 चा ‘तुंबाड’ आणि 2024 चा ‘मुंज्या’ हे दोन्ही हिंदी चित्रपट. दोन्हींत कोकण आहे आणि दोन्हींत ते भयाची जागा म्हणून आहे. कलाकृती म्हणून त्यांची तोलामोलाची चर्चा इतरांनी करावी. मी एवढंच बघते, की भारतभरच्या प्रेक्षकाला आता कोकण म्हटलं की हे आठवतं.

तुमच्या कॅमेऱ्याला बंद घर फार आवडतं. म्हणून आमच्या समोरचंच एक बंद घर दाखवते.

चिऱ्याचं जोतं, पुढे पडवी, पडवीच्या तोंडाशी पावसाची झड अडवायला बांधलेली माडाच्या झावळ्यांची झापं, तीही आता कुजून लोंबतायत. दाराला कुलूप, आणि कुलपाला गंज चढू नये म्हणून त्यावर दुधाची प्लास्टिकची पिशवी गुंडाळून सुतळीनं बांधलेली. खळ्यातल्या, म्हणजे अंगणातल्या, तुळशी वृंदावनात तुळस नाही, त्याच्या भेगेतून पिंपळाचं रोप वर आलंय. मागच्या बाजूची कौलं माकडांनी सरकवली, तिथून पाणी जाऊन वासा काळा पडलाय. रात्री कधी आतून धप्प आवाज येतो. तो ओल्या भिंतीच्या मातीचा आहे. घराच्या मालकिणीचा डोंबिवलीहून फोन येतो, “वयनीनू, घराकडे जरा लक्ष ठेवा हां.” त्यांना यायचं असतं. पण मुलाची नोकरी, सुनेची नोकरी, नातवाची शाळा, त्यांचे स्वतःचे गुडघे.

गणपतीला हेच घर उघडतं. आदल्या दिवशी कुलूप काढलं की आतून वर्षभराच्या ओलीचा वास येतो. वाळवी झाडली जाते, खळं सारवलं जातं, गणपतीच्या डोक्यावर माटवी बांधली जाते, तिला कांगलं, हरण, शेरवाडं, कवंडाळं अशी रानातली फळं-फुलं लटकतात. पाच-सात दिवस त्या घरात माणूस मावत नाही. रात्री भजनाला बारी लागते, उसळ-पाव होतो. विसर्जन झालं की पुन्हा पिशवी, पुन्हा सुतळी. तुमच्या मालिकांत घर बंद असण्याचं कारण शाप असतो, गाडलेलं धन असतं, कुणाचा तरी खून असतो. आमच्या समोरचं घर बंद आहे ते गिरणीमुळे.

या घरातला आजा मुंबईच्या गिरणगावात कापड गिरणीत गेला, तसे गावोगावचे पुरुष गेले. बायका मागे राहिल्या, भात लावत, मनिऑर्डरची वाट बघत. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. त्या संपातून पुष्कळ गिरण्या पुन्हा उभ्या राहिल्याच नाहीत. ज्यांची नोकरी गेली त्यातले थोडे गावी परत आले, बाकीचे परळ-लालबागहून डोंबिवली, कल्याण, विरारला सरकले. 2001 च्या जनगणनेत सिंधुदुर्गाची लोकसंख्या 8 लाख 68 हजार होती, 2011 मध्ये ती 8 लाख 49 हजारांवर आली. रत्नागिरी जिल्हा 16 लाख 96 हजारांवरून 16 लाख 15 हजारांवर. देशाची माणसं वाढत असताना आमच्या दोन जिल्ह्यांतली कमी झाली. काळोख पडल्यावर जी वाडी सामसूम दिसते, जिथे दहा घरांत दोन दिवे लागतात, तिची ही कथा आहे. भय तिच्यात आहेच. म्हातारी बाई एकटी राहते, रात्री छातीत दुखलं तर जिल्हा रुग्णालयापर्यंत नेणार कोण, हे भय आहे. शाळेत पोरं नाहीत म्हणून शाळा बंद होणार, हे भय आहे.

त्या डोंबिवलीच्या कुटुंबातली अकरा वर्षांची नात गेल्या गणपतीत माझ्याकडे झोपायला आली. स्वतःच्या घरात झोपायला तयार नव्हती. “आमच्या घरात काहीतरी आहे,” म्हणाली. कुणी सांगितलं, विचारलं. कुणीच नाही. तिनं पाहिलं होतं. तसंच दार, तशीच माजघराची काळोखी, तसाच माळा. टीव्हीवरच्या घराचा नकाशा तिला तोंडपाठ होता आणि स्वतःच्या पणजोबानं बांधलेलं घर ती त्या नकाशावरून ओळखत होती. तिचा बाप खळ्यात बसून कुणाशी तरी फोनवर बोलत होता. पोरं येत नाहीत, कुणाला नकोय, तर मग विकूनच टाकूया. हल्ली हे बोलणं घरोघर आहे. दलाल गावोगाव फिरतायत, रस्ता होण्याआधी त्यांना रस्ता माहीत असतो. त्या घराचा सौदा तुमच्यामुळे होतोय असं मी म्हणणार नाही. कारणं ढीगभर आहेत. पण ज्या पिढीनं हे घर धरून ठेवायचं किंवा सोडायचं, त्या पिढीच्या मनात घराबद्दल प्रेम उगवायच्या आत भीती पेरली गेली, आणि ती पेरायला तुमचा हात लागला, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

माझी मुलगी मास मीडिया शिकली. तिच्या अभ्यासात जॉर्ज गर्बनर नावाचे अमेरिकेतले प्राध्यापक होते. टीव्हीवरचा हिंसाचार पाहून माणूस लगेच हिंसक होतो का, या वादाच्या पुढे जाऊन त्यांनी 1970 च्या दशकात वेगळंच दाखवलं. जे लोक खूप टीव्ही बघतात त्यांना जग आहे त्यापेक्षा जास्त धोक्याचं वाटायला लागतं. एखादा भाग पाहून असं होत नाही, तेच तेच चित्र वर्षानुवर्षं बघून होतं. त्यांचा अभ्यास अमेरिकेतल्या प्रेक्षकांचा होता. मला तो वाचताना आमची पडवी दिसली.

आता रात्रीबद्दल. या विषयावर मला जरा जास्तच बोलायचंय, कारण तुम्ही आमच्या रात्रीचं जे केलंत ते मला सगळ्यात जास्त लागलंय.

आमच्याकडे रात्रीला राखणदार असतो. कुठे त्याला देवचार म्हणतात. प्रत्येक गावाच्या सीमेचा, बहुतेक वाड्यांचा, कधी एकेका बागेचाही. तो रात्री काठी आणि चूड, म्हणजे पेटती मशाल, घेऊन हद्दीतून फिरतो, असं मानतात. वाट चुकलेल्याला वाटेवर आणून सोडतो. वर्षातून एकदा त्याची राखण द्यायची. नारळ, कोंबडा, कुठे विडीकाडी, कुठे घोंगडं. लग्न होऊन मी इथे आले तेव्हा घरात वीज होती पण पायवाटेवर दिवा नव्हता. नदीपलीकडून उशिरा यायचं झालं की सासरे कंदील घेऊन पुढे चालायचे आणि मला म्हणायचे, “भिया नको गो. राखणदार आसा.” तो खरोखर असतो की नाही, याची चर्चा मी करत नाही. मी एवढं जाणते, की त्या समजुतीनं काळोखात चालणाऱ्या बाईला धीर दिला. शेकडो वर्षं बायका त्या धीरावर पहाटे पाणंदीतून चालत बाजाराला गेल्या.

आमच्याच तालुक्यात आरवलीला श्री देव वेतोबाचं देऊळ आहे. पुरुषभर उंचीपेक्षाही मोठी मूर्ती, पूर्वी ती फणसाच्या लाकडाची होती. त्यामुळे आरवलीची माणसं फणसाचं लाकूड घरात वापरत नाहीत. नवस फेडायला लोक केळ्यांचा घड आणतात आणि चामड्याच्या वहाणा आणतात. या वहाणा एकदा जाऊन बघा. एकेक हातभर लांब, जाड तळाची, चांभारानं मन लावून शिवलेली. देवळात त्या जोडीनं मांडलेल्या असतात. वेतोबा रात्री या वहाणा घालून गावात फेरी मारतो, त्यानं त्या झिजतात, अशी श्रद्धा आहे. म्हणजे बघा, वेताळ हा देव, नाव ऐकून शहरातल्या माणसाच्या अंगावर काटा यावा असा, आणि त्याच्या गावाची त्याच्याबद्दलची काळजी काय, तर फिरून फिरून त्याचे पाय दुखू नयेत. कोकणाचं आणि त्याच्या काळोखाचं नातं असं आहे. ते तुम्हाला कधी दिसलं नाही. तुमच्या पडद्यावर रात्री जे काही चालतं ते माणसाच्या जिवावर उठलेलं असतं.

मध्यंतरी एका मालिकेचं युनिट आमच्या शेजारच्या वाडीत आलं होतं. वडाखाली राखणदाराचा पाषाण आहे, तिथे त्यांना मांत्रिकाचं दृश्य करायचं होतं. जागा चांगली दिसते म्हणाले. त्यांनी वडाला काळ्या बाहुल्या टांगल्या, थर्माकोलची कवटी ठेवली, पाषाणाला लाल रंग फासला. कुंकू नव्हे, तेलरंग. दोन रात्री काम झालं, सामान गाडीत गेलं, बाहुल्या तिथेच राहिल्या. रंग अजून निघालेला नाही. गावकऱ्यांनी जमून देवाकडे गाऱ्हाणं घातलं. पुढच्या सुट्टीत मोबाइल घेऊन पोरं त्या वडाखाली रील करायला आली, कारण ‘ती जागा’ त्यांनी ओळखली होती. आता आमच्या वाडीतल्या मुलीसुद्धा संध्याकाळी त्या वाटेनं शिकवणीला जात नाहीत, लांबच्या रस्त्यानं जातात. जिथे आजपर्यंत नारळ ठेवून निर्धास्तपणे पुढे जायचं, ती जागा एका दृश्यासाठी भयाची झाली, आणि ते दृश्य पडद्यावर जेमतेम काही मिनिटं दिसलं असेल.

मालिकेच्या सुरुवातीला पाटी येते, अंधश्रद्धेला खतपाणी घालण्याचा हेतू नाही म्हणून. ज्या राज्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा 2013 मध्ये खून झाला आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला, तिथे अशी पाटी लावावीच लागते. पण पाटी वाचायला पाच सेकंद आणि मांत्रिक बघायला आठवड्याचे सहा दिवस, यात प्रेक्षकाच्या मनात काय उरतं हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता.

गाऱ्हाण्यावरून आठवलं. गाऱ्हाणं म्हणजे देवाला सगळ्यांनी मिळून घातलेलं साकडं. विनोदी कार्यक्रमांत हल्ली तो हुकमी प्रकार झालाय. एक माणूस हात जोडून “बा देवा म्हाराजा” म्हणतो, बाकीचे “व्हय म्हाराजा” ओरडतात, आणि मध्ये काहीतरी चावट घातलं की हशा. थोडी गंमत आमचीही माणसं करतात, गाऱ्हाण्यात टोमणे असतातच. पण माझा दीर पहिल्यांदा जहाजावर निघाला तेव्हा गावातल्या वडीलधाऱ्यानं घातलेलं गाऱ्हाणं मला आठवतं. बारा-पाचाच्या देवाला, सीमेवरच्या राखणदाराला, घरातल्या गेलेल्या माणसांना, एकेकाला नावानं हाक मारून त्यांनी सांगितलं, “ह्यां लेकरू परमुलखात जाता हा, तेका सुखरूप ने नि सुखरूप हाड, म्हाराजा.” आणि आम्ही सगळे रडत “व्हय म्हाराजा” म्हणालो होतो. आज आमच्या शाळेतल्या स्नेहसंमेलनात पोरं गाऱ्हाणं करतात ते टीव्हीवरून शिकलेलं. त्यांना मूळ गाऱ्हाण्याच्या आधी त्याची नक्कल पाठ झाली.

मालवणीचंही तेच. गंगाराम गवाणकरांचं ‘वस्त्रहरण’ 1980 मध्ये रंगभूमीवर आलं, मच्छिंद्र कांबळींनी ते गाजवलं, त्याचे पाच हजारांवर प्रयोग झाले. प्रेक्षक खो खो हसायचे, पण त्या गावच्या नाटकवाल्यांवर त्यांचा जीव जडायचा, आणि मुंबईतला आमचा माणूस चारचौघांत मालवणी बोलायला लागला. ते नाटक हसवता हसवता मान देत होतं. त्यानंतर टीव्हीनं त्यातलं हसू उचललं. मालवणी बोलणारा म्हणजे घरगडी, वेंधळा किंवा भूतबाधा सांगणारा म्हातारा. प्रेम करणारा, निर्णय घेणारा, दुःख सोसणारा मात्र प्रमाण मराठीत. मुलं हे फार लवकर टिपतात. माझ्याकडे येणाऱ्या चाकरमान्यांच्या मुलांना मालवणीत विचारलं की ती हसतात आणि पुस्तकी मराठीत उत्तर देतात.

हे सगळं मी सांगतेय म्हणजे आमच्याकडे करमणूक भाबडी होती आणि तुम्ही येऊन ती बिघडवलीत, असं कुणी समजू नये. दशावतार, म्हणजे जत्रेत देवळापाशी रात्रभर चालणारं आमचं लोकनाट्य, बघत मी मोठी झाले. त्यात राक्षस आहेत, वध आहेत, शाप आहेत. मुख्य नाटकाआधीच्या आडदशावतारात काळ्या कपड्यांतला संकासुर आला की आम्ही पोरं आयांच्या मांडीत तोंड खुपसायचो. आणि दुसऱ्याच क्षणी तो भटजीशी मालवणीत वाद घालायला लागला की पोट धरून हसायचो. तोच नट संध्याकाळी देवळाच्या मागे ट्रंकेवर बसून हातातल्या आरशात बघत स्वतःचं तोंड रंगवताना आम्ही पाहिलेला असायचा, चहा पिताना पाहिलेला असायचा. लिहिलेली संहिता नाही, कथा सगळ्यांना ठाऊक, संवाद जागच्या जागी. पहाटे दहीकाला व्हायचा, हंडी फुटायची, आणि रात्रभर ज्याला घाबरलो तो राक्षस अर्धा रंग पुसून आमच्याच बाजूला एसटीची वाट बघत उभा. भय खरं वाटायचं आणि सकाळी संपायचं. तुमच्या मालिकेत ते संपवता येत नाही, कारण उद्या पुन्हा प्रेक्षक यायला हवा. प्रत्येक भाग दचकवून तोडायचा, हा धंद्याचा नियमच आहे.

तुमची अडचण मला कळते. दर गुरुवारी प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या बार्कचे आकडे येतात, त्यावर मालिका राहणार की जाणार ठरतं. लेखक आठवड्याचे सहा भाग लिहितो, कधी आदल्या रात्री लिहितो. भुताला आकडे मिळाले की वरून निरोप येतो, आणखी भूत. या ओढीनं आता आमच्या दशावतारी कंपन्याही बदलतायत. दशावताराच्या जाहिरातीत ‘ट्रिकसीनयुक्त’ हा शब्द मोठ्या अक्षरांत असतो. धूर, लाल दिवा, हवेत तरंगणारं धड. नव्या गोष्टी याव्यात, नटांना चार पैसे जास्त मिळावेत, गर्दी व्हावी. पण पूर्वी ज्या जागी शब्दाला शब्द भिडायचा, वेदान्तावर अर्धा तास वाद रंगायचा, तिथे लोक आता मोबाइल वर धरून धुराची वाट बघतात. संवाद लांबला की मागून शिट्टी येते. प्रेक्षकाला दर चार मिनिटांनी दचकायची सवय कुणी लावली, ते दशावतारी कंपनीनं नव्हे.

मग लिहायचं काय, असं तुम्ही विचाराल. वाडा हवाय ना तुम्हाला, जुलमी मालक हवाय, धाक हवाय? खोतांच्या जमीनदारीवर, म्हणजे खोतीवर, लिहा. अलिबागजवळच्या चरी गावात आणि आसपासच्या गावांत 1933 पासून 1939 पर्यंत शेतकऱ्यांनी खोतांची जमीन कसायची नाही म्हणून संप केला. सहा वर्षं. घरात दाणा नाही, सरपण विकून पोटं भरली, पण नांगर धरला नाही. नारायण नागू पाटील त्यांचे पुढारी होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि 1937 मध्ये त्यांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. त्या वाड्यांच्या माजघरात कुणाचे श्वास कोंडले होते, कुणाच्या सुना-मुली रात्री दार लावून बसायच्या, हे तुमच्या कुठल्याही मांत्रिकापेक्षा अंगावर येईल.

रात्र हवी असेल तर 2 जुलै 2019 ची रात्र घ्या. चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं आणि खालची भेंदवाडी वाहून गेली, वीसवर माणसं गेली. धरण गळतंय हे गावकरी आधीपासून सांगत होते. नंतर सरकारातून सांगण्यात आलं, की खेकड्यांनी धरण पोखरलं. त्या रात्री कोकणात काय दिसलं, ते तिथल्या माणसांना विचारा. आणि भूत नको, खलनायक नको, नुसता एक आजा आणि नातू पुरतात हे 2004 च्या ‘श्वास’नं दाखवलेलं आहेच. कोकणातला म्हातारा डोळ्यांच्या आजारानं ग्रासलेल्या नातवाला घेऊन शहरातल्या डॉक्टरकडे जातो, एवढीशी गोष्ट. त्या चित्रपटाला सुवर्णकमळ मिळालं, भारताकडून तो ऑस्करला गेला. प्रेक्षक वाटेल ते बघतो हे खरं नाही. त्याला चांगलं दिलं तर तो तेही बघतो.

भुताची गोष्ट लिहूच नका, असं माझं म्हणणं नाही. आमच्या आज्या ज्या गोष्टी सांगायच्या त्यात मुंजा होता, हडळ होती, गिरा तर असायचाच. लिहा. पण त्याच वाडीत राहणारा राखणदारही लिहा. घर बंद का पडलं तेही लिहा. मालवणी बोलणाऱ्या बाईला एखाद्या मालिकेत घर चालवू द्या, वकील होऊ द्या, प्रेमात पडू द्या, तिच्याच बोलीत. दशावतारी नट घेतलात तर श्रेयनामावलीत त्याच्या कंपनीसह नाव द्या, आणि बोली सांगायला गावातलं माणूस घेतलंत तर त्याचा मोबदला कागदावर ठरवा. चित्रीकरणासाठी देवाची जागा वापरायची असेल तर आधी गावकऱ्यांच्या सभेत येऊन विचारा आणि जाताना जागा होती तशी करून जा. शेजारच्या वाडीतला तो पाषाण स्वच्छ करून द्यायला ते युनिट आजही येऊ शकतं. कोण होते ते त्यांना ठाऊक आहे.

त्रिपुरी पौर्णिमेच्या आसपास आमच्याकडच्या जत्रा सुरू होतात, पुढे महिनोन्‌महिने कुठल्या ना कुठल्या गावात रोज रात्री दशावतार असतो. तुमच्या लेखकांना त्या दिवसांत पाठवा. दोघे-तिघे आमच्या घरी राहू शकतात, भाडं नको. समोरच्या घराची किल्ली माझ्याकडे असते, मालकिणीला फोन करून विचारते आणि आतून सगळं दाखवते. येण्याआधी आठवडाभर कळवा, जत्रेच्या दिवसांत खोल्या लवकर भरतात.

आपली,
वेंगुर्ले तालुक्यातली एक प्रेक्षक